चाकाखालचं लिंबू

गोकुळचं चुकलं ते एवढंच, की खंडेनवमीला त्यानं आपला टँकर डेअरीत नेला. खरा टँकर नव्हे. वीतभर लांबीचा, धातूचा, स्वतःच्या हातानं केलेला. मुळात तो एक परदेशी ट्रक होता. पोरं अंगणात फरफटतात तसला नव्हे, तर हौशी माणसं काचेच्या कपाटात ठेवतात तसला, दारं उघडणारा, बॉनेट उचललं की आत इंजिन दिसणारा. गोकुळनं त्याचे तळाचे स्क्रू काढले, कंपनीचा रंग उतरवला, मागचा हौदा काढून तिथं पत्र्याची गोल टाकी बसवली आणि बारामती एमआयडीसीत रोज पहाटे येतो तसला दुधाचा टँकर उभा केला, मागच्या शिडीसकट. मशिनची पूजा मांडली होती तिथं कुणीतरी तो हौसेनं ठेवला. सगळ्यांनी फोटो काढले. झालं, तिथून गोकुळच्या मागं शुक्लकाष्ठ लागलं.

त्या दिवसापर्यंत हा नाद त्याच्या एकट्याचा होता. आठवडाभर डेअरीत दुधाच्या पिशव्या पट्ट्यावरून येत राहायच्या आणि गोकुळ त्या क्रेटमध्ये भरत राहायचा. रविवारी मात्र भाड्याच्या दोन खोल्यांतल्या खिडकीशी तो टेबल ओढायचा, रंगाच्या बाटल्या मांडायचा, आणि मग त्याला हाक मारून उपयोग नसायचा. टेबलावर जुन्या रुमालाखाली एक लांबलचक लाल मोटार होती, बिनटपाची. तिची दारं काढून ठेवलेली, आतल्या बैठकी शिवून व्हायच्या होत्या. ती त्याची स्वतःची. ती कुणासाठी नव्हती, कुठं न्यायची नव्हती, म्हणून तर ती त्याला प्यारी होती.

टँकरचा फोटो फिरत फिरत विजयसिंहांकडं गेला. डेअरीत माणसं पुरवायचं काम विजयसिंहांचं; सगळे त्यांना दादा म्हणत. कुणाला ठेवायचं आणि कुणाला उद्यापासून येऊ नको म्हणायचं, हे तेच ठरवत. त्यांनी गोकुळला बोलावून घेतलं, चहा पाजला, पाठीवर हात ठेवला. एवढा मान मिळाल्यावर गोकुळनं तिथंच सावध व्हायला हवं होतं.

"आमच्या आबांची जीप करून दे," विजयसिंह म्हणाले. "अशीच बारकी."

आबा म्हणजे त्यांचे वडील, दत्तोबा. इंदापूरकडं कॅनॉलच्या कडेला त्यांची वस्ती. उभी हयात आबांनी एक जुनी जीप पळवली, ऊसतोडीला, बाजाराला, लग्नाला, मयताला. मग काचबिंदू झाला. नजर आधी कडेनं गेली, मग मधूनही गेली, तरी आबा स्टिअरिंग सोडायला तयार नव्हते. एके दिवशी त्यांनी जीप कॅनॉलच्या भरावावर चढवली. आबा दवाखान्यात असतानाच पोरानं ती भंगारात घातली. बरे होऊन घरी आल्यावर त्यांनी गुपचूप ट्रॅक्टर काढला आणि विहिरीच्या कठड्यापर्यंत नेला. तेव्हापासून वस्तीच्या फाटकाला कुलूप होतं आणि किल्ली विजयसिंहांच्या खिशात. पोराचंही खोटं नव्हतं, आंधळ्या बापाला विहिरीत जाऊ द्यायचं का? पण आबांनी तेव्हापासून जेवण निम्म्यावर आणलं होतं, आणि घरात येईल त्याला ते विचारत, जीप कुठाय.

गोकुळला काम आवडलंच. खोटं कशाला बोला, पहिले दोन-चार आठवडे तो अगदी रंगात आला होता. जुन्या लष्करी जीपचं मॉडेल मागवलं. फोटो बघून रंग जुळवला. टपासाठी मोडक्या छत्रीचं कापड घेतलं, सीटसाठी अनितेच्या जुन्या पर्सचं रेक्झिन, स्टिअरिंगला काळा दोरा गुंडाळला. अनिता, त्याची बायको, पर्स गेल्याबद्दल दोन दिवस रुसली आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच सीटला टाके घालून दिले. मग जीप खोक्यात घालून, खोकं पोटाशी बांधून, गोकुळ मोटारसायकलवर इंदापूरला गेला. आता आबा खूश होतील, दादा खूश होतील आणि आपण आपल्या लाल मोटारीकडं वळू, असा त्याचा साधा हिशेब होता.

आबांनी जीप मांडीवर घेतली. त्यांची बोटं बॉनेटवरून गेली, काचेवरून गेली, मागं जाऊन थांबली, पुन्हा पुढं आली. जाड, भेगाळलेली बोटं, पण कशी अलगद चालत होती. शेजारी त्यांची बायको लीलाबाई तांदूळ निवडायचं सोडून बघत बसली होती.

"जीप झ्याक हाय," आबा म्हणाले. "पर ही माझी न्हाय."

"काय ऱ्हायलं, आबा?"

"स्टेपनी मागं न्हवती. डायवरच्या अंगाला हुती. आन ह्यो डावा पत्रा सरळ कसा? लोणी भापकरच्या बाजारात बैलानं धडक दिलीया त्याला."

पुढच्या रविवारी गोकुळ बाजूला स्टेपनी लावून, डावा पत्रा पकडीनं वाकवून घेऊन गेला. तेव्हा आबांना आठवलं, की गिअरची मूठ लाकडाची होती. त्यापुढच्या रविवारी निघालं, की दाराची कडी तुटल्यावर तिथं दोरी बांधलेली होती. दोरी झाली तर दोरीची गाठ चुकली. गोकुळ प्रत्येक वेळी अवजारांचा डबा मागं बांधून यायचा, लीलाबाईंचं जेवण जेवायचा आणि संध्याकाळी नवी खोट डोक्यात घेऊन परत जायचा. यायच्या वेळी कुलूप उघडायचं, तो आत आला की लागायचं. आत बसून जीपचा पत्रा घासताना त्याला ते कुलूप लागल्याचा आवाज यायचा आणि नको वाटायचं. घरी टेबलावर रुमालाखाली लाल मोटार तशीच होती. रुमालावर धूळ बसली.

"तुमचं लगीन माज्याशी झालंय का आबांशी?" अनिता म्हणाली. ती हसत म्हणाली, पण आयतवारी माहेरी जायचं तिनं आता विचारायचंही सोडून दिलं होतं.

"काय करू? दादांना न्हाय म्हनू?"

एकदा त्यानं अंगात कणकण आहे म्हणून कळवलं, तर दुपारीच विजयसिंहांचा फोन, आबा सकाळपासून दारात खुर्ची टाकून बसलेत, जरा येऊन जा. गेला. तापाचं सोंग करणाऱ्याला ऊन जास्तच लागतं, हे त्याला त्या दिवशी कळलं.

मग मातीचं निघालं. आबांनी जीप उलटी धरली आणि खालून बोट फिरवलं. गोकुळनं तिथं हौसेनं काळी माती चिकटवली होती, वस्तीवरचीच.

"ही हितली," आबा म्हणाले. "हितली माती पावसात धुऊन जायाची. बुडाला बसलेला मुरूम कऱ्हाटीचा. तितं आमची बहीन दिलीया. म्हैन्याला दोन खेपा व्हायच्या."

गोकुळनं दात आवळले. कऱ्हाटी म्हणजे बारामतीच्या पार दुसऱ्या अंगाला, माळरानाची बाजू. तरी गेला. रस्त्याच्या कडेचा मुरूम पिशवीत भरला, घरी आणून फडक्यानं गाळला, गोंदात कालवून ब्रशनं बुडाला लावला. आबांनी बोट घासून जिभेला लावलं आणि त्यांचा चेहराच पालटला.

"व्हय. ही कऱ्हाटीची." मग ते पुढं सरकून बसले. "रस्ता झालाय का रं आता? गावाच्या अलीकडं वड हुता. हाय का?"

"असंल की."

"पारावर मान्सं बसत्यात का अजून?"

"बसत असतील, आबा. मी बघितलं न्हाय." त्याला परतायची घाई होती. तो रस्ता त्यानं खाली मान घालून, मनातल्या मनात चरफडत काढला होता. वड होता की नव्हता, देव जाणे. आबा पुन्हा मागं सरकून बसले. म्हणाले, हॉर्नचं बटण जरा सैल होतं, तेवढं बघ.

त्या संध्याकाळी परत येताना गोकुळच्या मनात पहिल्यांदा आलं, की हा म्हातारा जीप कधी पुरी होऊच देणार नाही. त्याला जीप नकोच आहे, आपल्याला दर रविवारी इथं कोंडून ठेवायचंय. त्याला आबांच्या बोटांचा राग येऊ लागला. जेवताना, झोपताना, पिशव्या भरताना ती बोटं त्याला आपल्या कामावरून फिरताना जाणवायची, खोट शोधत. एखाद्या आंधळ्या म्हाताऱ्याचा एवढा राग येतो, ह्याची लाज वाटायची ती वेगळीच.

सुटका झाली ती विजयसिंहांकडून. फाल्गुन संपत आला होता. त्यांनी फोन केला. "आता पुरं झालं, गोकुळ. तू बी दमलास. मी काचेची पेटी करून घेतलीया. पाडव्याला जीप तिच्यात बसव. आन अशी पक्की बसव, की आबांना काढता येऊ नये. न्हायतर सारखं चाचपत बसत्यात."

गोकुळला वाटलं, फोनमधून हात घालून दादांचे पाय धरावेत. काचेत गेली की बोटं बंद. बोटं बंद की खोट काढणंही बंद. त्यानं शिसवी पाट घेतला, दोन भोकं पाडली आणि जीपच्या बुडातून बोल्ट घालून खाली आवळले. शोपीस बसवायची तीच रीत, त्यात वेगळं काही नव्हतं. पण तेवढ्यावर त्याचं समाधान होईना. त्यानं चारी चाकांच्या कण्यांना एपॉक्सी, म्हणजे दगडासारखा घट्ट होणारा गोंद, भरलं आणि चाकांचे तळ पाटाला चिकटवून टाकले. अनितेनं विचारलं, आज शीळ कशाची घालताय? तो म्हणाला, पाडव्यानंतरच्या आयतवारी तुझ्या माहेरी जायचं.

पाडव्याला वस्तीवर गुढी उभी होती, स्वयंपाकघरातून पुरणाचा वास येत होता. पाहुणे दुपारी यायचे होते. दिवाणखान्यात टीपॉयवर काचेची पेटी ठेवली होती, वरची काच अजून बसवायची होती. जीप आत उभी, ऊन पडल्यावर जुन्या पत्र्यासारखीच मंद चमकणारी. गोकुळ जरा मागं उभा राहून बघत होता. एवढं चांगलं काम आपल्या हातून पुन्हा होणार नाही, असं त्याला मनापासून वाटलं.

तेवढ्यात लीलाबाई ताट घेऊन आल्या. हळद, कुंकू, अक्षता, नारळ आणि परसातल्या झाडाखाली गळून पडलेली, गोटीएवढी हिरवी लिंबं.

"नवी गाडी दारात आली," त्या म्हणाल्या. "पाडवा हाय. पूजा नगं का करायला?"

विजयसिंह हसले, पण आईला नाही म्हणाले नाहीत. लीलाबाईंनी बॉनेटवर हळदीचं बोट उठवलं, कुंकवाचं उठवलं. कोवळ्या रंगावर हळद बसली की जन्मात निघत नाही, हे गोकुळला ठाऊक होतं. मग त्यांनी पुढच्या दोन चाकांपुढं एकेक लिंबू ठेवलं आणि नवऱ्याचा हात धरून जीपवर ठेवला.

"ढकला. लिंबावरनं जाऊ द्या."

तेव्हा कुठं गोकुळच्या ध्यानात आलं. गाडी नवी असो, जुनी असो, सायकल असो नाहीतर हार्वेस्टर, चाकाखाली लिंबू चिरडल्याशिवाय ती रस्त्याला लावत नाहीत. लहानपणापासून त्यानं ते पाहिलेलं. आणि चाकांना एपॉक्सी भरताना नेमकं तेच त्याच्या मनात आलं नव्हतं.

आबांनी ढकललं. चाकं हलली नाहीत. त्यांनी अंमळ जोर केला, तशी पाटासकट अख्खी पेटीच टीपॉयवर सरकली. आबांचं बोट खाली चाकाकडं गेलं, चाकाभोवती फिरलं, एपॉक्सीच्या टणक गाठीवर येऊन थांबलं.

"चाकं फिरंनात," ते म्हणाले.

"आबा, शोपीस हाय ती," विजयसिंह म्हणाले. "तिला कुटं जायाचंय?"

ते वाईट बोलले नव्हते. नेहमीसारखं समजुतीनंच बोलले होते. पण लीलाबाईंनी मान खाली घातली.

"व्हय," आबा म्हणाले. "बरुबर हाय. मला तरी कुटं जायाचंय." त्यांनी हात काढून घेतला आणि बोटं धोतराला पुसली. मग गोकुळच्या दिशेला तोंड केलं. "झ्याक केलीस रं पोरा. आता काय बी खोट न्हाय. ही माझीच जीप हाय."

एवढे महिने गोकुळ ज्या वाक्यासाठी मरत होता ते हेच वाक्य.

"तुजा आयतवार मोकळा झाला," आबा म्हणाले. "लई गुतवून ठिवलं तुला. कुनी बाहेरनं येनारं न्हवतं ना, म्हनून."

म्हणजे म्हाताऱ्याला सगळं कळत होतं. चरफड, खोटा ताप, परतायची घाई, सगळं. कळत होतं आणि तरी तो दर आठवड्याला एक खोट शिल्लक ठेवत होता. गोकुळला आपण कोंडलो गेलोय असं वाटत होतं, आणि संध्याकाळी कुलूप उघडून तो तर घरी जात होता. इथं राहणारा माणूस दुसराच होता. त्याच्या जीपचे बोल्ट गोकुळनं स्वतः आवळले होते, शीळ घालत.

त्यानं डबा उघडला, पाना काढला आणि पेटी आडवी केली.

"काय करतूस?" विजयसिंहांनी विचारलं.

"आजींची पूजा ऱ्हायलीया, दादा."

बोल्ट निघाले. एपॉक्सी सहजी निघणार नव्हतंच. त्यानं पातं घालून चाकं पाटापासून उचकटली, तशी एका टायरची साल पाटावरच राहिली. कणा मोकळा करताना पत्र्याच्या रंगाचे टवके उडाले. तीन चाकं फिरू लागली, चौथं डुगडुगत अडकत फिरू लागलं. दुसऱ्या कुणी त्याच्या कामाची अशी गत केली असती तर त्यानं त्याचं तोंड पाहिलं नसतं.

लिंबं फरशीवर ठेवली. आबा गुडघ्यांवर बसले, जीपवर तळहात ठेवून सगळा भार दिला आणि ढकललं. एक लिंबू निसटून गेलं. दुसरं फुटलं, बारीकसा आवाज झाला आणि खोलीत लिंबाचा वास सुटला.

"आता दारातनं भाईर काढा," लीलाबाई म्हणाल्या. मग पोराकडं वळल्या. "विजय, फाटक उघड. गोकुळच्या गाडीवर बसून देवळापातुर जाऊन येत्याल."

"आये, आता पाव्हणं येतील. उद्या मी सवता नेतो की."

"तू रोज उद्याच म्हंतूस."

विजयसिंहांनी गोकुळकडं पाहिलं. "तू बी सांग की आबांस्नी जरा."

गोकुळनं म्हणायला हवं होतं, दादा, उघडा फाटक, मी नेतो, जपून नेतो. वाक्य अगदी ओठावर आलं होतं. पण समोर उभा होता तो डेअरीत उद्यापासून येऊ नको म्हणू शकणारा माणूस, आणि घरी अनिता होती, भाड्याच्या दोन खोल्या होत्या. तो हातातला पाना डब्यात ठेवत राहिला. पाना नीट बसला होता, तरी ठेवत राहिला.

विजयसिंह फोन आला म्हणून आत गेले. जीप काखेत धरून, भिंतीला हात लावत आबा ओट्यावरून उतरले, अंगण ओलांडून फाटकाशी गेले. गोकुळ त्यांच्या मागं गेला. फाटकाखाली वीतभर फट होती आणि तिथून डांबरी रस्त्याकडं उतार. आबा खाली बसले, फट चाचपली, जीपचं तोंड रस्त्याकडं केलं. छत्रीच्या कापडाचा टप गजाला घासला आणि वाकला. मग त्यांनी हात सोडला.

जीप निघाली. हातभर सरळ गेली. मग चौथं चाक अडकलं, ती गर्रकन वळली आणि कडेच्या पाण्याच्या चारीत जाऊन उताणी पडली. काच निखळून डांबरावर आली. कऱ्हाटीचा मुरूम लावलेलं बूड आभाळाकडं झालं. एक चाक थोडा वेळ फिरत राहिलं. गजाच्या आतून गोकुळला हे सगळं स्वच्छ दिसत होतं.

"कुटवर गेली रं?" आबांनी विचारलं. त्यांचे दोन्ही हात गजांना होते.

गोकुळ त्यांच्या शेजारी खाली बसला.

"चाललीया, आबा. रस्त्याला लागली."

"थांबली न्हाय न्हवं?"

"न्हाय. कॅनॉलचा पूल वलांडला."

"तितं वळान हाय. दमानं घ्यावं लागतं."

"दमानंच घेतलीया. आता बारामती मागं पडली. आता माळ लागला. मुरूम उडतुया मागनं."

आबांनी कपाळ गजाला टेकवलं. त्यांचे डोळे मिटलेले होते.

"वड आला का?"

"आला, आबा."

"हाय म्हंजी अजून." आतून विजयसिंहांचा फोनवर बोलण्याचा आवाज येत होता, पाहुणे कुठवर आलेत ते विचारत होते. "पारावर कोन बसलंय?"

गोकुळनं चारीतल्या जीपकडं पाहिलं. एवढं एक मात्र त्याला खोटं सांगवेना.

"ते निट दिसंना हितनं," तो म्हणाला. "फुडच्या आयतवारी मी सवता जाऊन बघतो, आबा. मंग तुमाला येऊन सांगतो."